कडक भाकरीची जाहिरात आणि माझं निधन

बाळीवेस, सोलापूर
सोमवार

तीर्थस्वरूप प्रभुलिंगअण्णांना सिद्धारामचा शरणु शरणार्थी.

तुमची तब्येत, वैनींचे गुडघे आणि विहिरीचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. वळसंग काही परदेशात नाही, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही (तुमचा राग मी समजू शकतो), आणि मोबाईलवर चार ओळी लिहायची मला आता धास्तीच बसली आहे. कागदावर लिहिलेलं एकाच माणसाला पोचतं, हा त्याचा फार मोठा गुण आहे. तो मला निवृत्तीनंतर कळला. शिवबाई माहेरी तुमच्याकडे आली ती काय सांगून आली, मला ठाऊक नाही. ती तुमच्याशी कानडीत बोलायला लागली की विषय मी आहे, एवढंच मला आजवर कळत आलंय. म्हणून माझी बाजू मराठीत मांडतो. तशी ती फारशी बाजू नाही, हे वाचता वाचता तुमच्या लक्षात येईलच.

शिवबाईची कडक भाकरी तुम्ही लहानपणापासून खाल्लीत, तेव्हा तिचं वर्णन तुमच्यापुढे करत नाही. मी सांगोल्याकडच्या शाळेतून निवृत्त झालो, आणि त्याच सुमाराला तिनं आजूबाजूच्या घरांसाठी भाकऱ्या करायला घेतल्या. धंदा हळूहळू वाढत होता. ती पहाटेपासून तव्यापुढे असायची आणि मी पेपर दोनदा वाचून संपवायचो. आयुष्यभर घंटेवर उठलेल्या माणसाला घंटाच वाजेनाशी झाली की काय होतं, ते शेतकऱ्याला कळायचं नाही. तुम्हाला बैल निवृत्त करत नाहीत. तर अशात एका मंगल कार्यालयात छोट्या व्यावसायिकांसाठी मोफत मार्गदर्शन होतं, तिथे मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसलो. मार्गदर्शन करणाऱ्या ऋतुजाताई वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील, पण शिकवणं नेटकं. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, वस्तूमागची गोष्ट घेतं. रोज काहीतरी टाका, करणाऱ्याचा चेहरा दाखवा आणि प्रत्येकाला उत्तर द्या, कुणालाही अनुत्तरित ठेवू नका. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम. गोष्ट सांगायची, आणि कुणाला अनुत्तरित ठेवायचं नाही. बत्तीस वर्षं दुसरं केलंय काय?

मोबाईलवर ‘शिवबाईची भाकरी’ नावाचं पान उघडलं. पहिल्या दिवशी मी ‘ज्वारी : एक चिंतन’ हा लेख टाकला. तो कुणी वाचला नाही. मग त्याचा उत्तरार्ध टाकला. तो पूर्वार्ध न वाचलेल्यांनीही वाचला नाही. मग व्हिडिओ केला, त्यात भाकरीऐवजी बराच वेळ माझा अंगठा दिसत होता (त्याला मात्र दोघांनी पसंती दिली). मी ऋतुजाताईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही ज्वारीबद्दल बोलताय. लोकांना बाईंबद्दल ऐकायचंय.” हे मला पटलं, अण्णा, आणि इथूनच घात झाला.

दुसऱ्या दिवशी मी शिवबाईचा फोटो काढला. ती परातीवर वाकलेली, डोक्यावर पदर, कपाळ दिसत नाही, हात पिठात. चांगला आला होता. मागच्या भिंतीवर निरोप समारंभात शाळेनं दिलेली माझी मोठी तसबीर आहे, आणि तिच्यावर त्याच समारंभातला चंदनाचा हार. हार कपाटात टाकणं म्हणजे देणाऱ्यांचा अपमान, म्हणून मीच तो तसबिरीला घातला होता. शिवबाई तेव्हापासून सांगत होती की जित्त्या माणसाच्या फोटूला हार घालू नये. मी तिला अंधश्रद्धेवर छोटंसं व्याख्यान दिलं होतं. तर हा फोटो, आणि खाली माझ्या शैलीत लिहिलं : ‘गुरुजींची शाळा कायमची सुटली. घर सुनं झालं. पण शिवबाईंनी धीर सोडला नाही. त्यांनी परात पुढे ओढली.’ शाळा सुटली म्हणजे मी निवृत्त झालो, असं मला म्हणायचं होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दुपारपर्यंत पानावर गर्दी. लोक हात जोडलेली चित्रं पाठवत होते. प्रत्येकाला उत्तर द्यायचा नियम असल्यामुळे मी भराभर ‘आभारी आहे’, ‘असाच लोभ असावा’ असं लिहीत सुटलो. मग एकानं लिहिलं, ‘गुरुजींच्या आत्म्यास शांती लाभो.’ मी त्यालाही ‘आपणासही’ असं लिहिलं, आणि त्यानंतर मला समजलं.

ऋतुजाताईंना दोष देऊ नका. त्यांचा स्वतःहून फोन आला. “सर, आत्ताच्या आत्ता दुरुस्ती टाका,” त्या म्हणाल्या. “लोक फसवल्याचं विसरत नाहीत.” मी हो म्हटलं. पण तेवढ्यात लातूरहून भाकरीची मागणी आली, पुण्याहून आली, एका मुलींच्या वसतिगृहातून दर आठवड्याची आली. शिवबाईला मी सांगितलं की हा जाहिरातीचा गुण. ती हरखली. तिनं शेजारच्या म्हाळसाबाईला मदतीला घेतलं. दुरुस्ती संध्याकाळी टाकू, मग उद्या टाकू, असं चाललं. त्यात आमचा राजेसाब. (तुम्ही त्याला ओळखता. टेम्पोवाला, समोरच राहतो, आमची पार्सलं तोच एसटी स्टँडवर पोचवतो.) त्याला स्टँडवर एकानं गंभीर चेहरा करून विचारलं, “गुरुजी गेले का हो?” मी सकाळीच पोस्टात गेलो होतो. राजेसाब म्हणाला, “हौ, सुबूच गए.” झालं, त्या दिवशी श्रद्धांजलीची नवी लाट आली.

पण सगळा दोष मागण्यांवर ढकलला तर ते खोटं होईल. खरं कारण वेगळं आहे, आणि ते शिवबाईच्या थोरल्या भावाला लिहिताना पेन अडतंय. जुने विद्यार्थी लिहीत होते. निरोप समारंभात माझ्याबद्दल चार भाषणं झाली होती, त्यांतल्या तिघांनी माझा विषय चुकीचा सांगितला. चौथ्यानं नाव चुकवलं. आणि इथे मुलं लिहीत होती की गुरुजींनी मला पाढे झाडाखाली बसून पाठ करून घेतले, गुरुजी माझ्या बापाला भेटायला कोस दोन कोस चालत आले. मला हे कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. शिवबाई झोपली की मी वाचत बसायचो. मेलो आहे हे विसरायला व्हायचं, इतकं बरं वाटायचं.

आता गेल्या गुरुवारचं सांगतो. दुपारची वेळ. शिवबाई पुढच्या खोलीत भाकऱ्या शेकत होती. मी पोस्टात जातो म्हणून निघालो होतो, पण चष्मा विसरला म्हणून परसदारानं परत आलो आणि आतल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमागे शोधत होतो. तिला मी परतल्याचं कळलं नव्हतं. तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. आवाजावरून ओळखलं, मायाप्पा. मेंढरं राखत राखत माझ्याकडे शिकलेला पोरगा, आता चाळिशीचा बाप्या. पडद्याच्या फटीतून दिसलं, खांद्यावर नवं घोंगडं. त्यानं शिवबाईच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडायला लागला.

“आई, गुरुजी गेलं, आन मला कळलं बी न्हाई.”

शिवबाईच्या हातातून भाकरी तव्यावर पडल्याचा आवाज मी ऐकला. तिला फोनमधलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या हिशेबी मी नुकताच धडधाकट घराबाहेर पडलेला माणूस. ती म्हणाली, “कुटं? कुटं झालं? गाडीखाली आलं का?”

अण्णा, तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. मधे तो पडदा होता फक्त. पण मायाप्पा हुंदके देत म्हणत होता, “गुरुजी नसतं तर म्या आज...” आणि मी थांबलो. तो पुढे काय म्हणतोय ते ऐकायला थांबलो. वाक्य त्यानं पुरं केलंच नाही. शिवबाई उठली आणि तशीच, पिठाच्या हातांनी, अनवाणी, रस्त्यावर पळत सुटली.

मी मागोमाग धावलो. मला पाहून मायाप्पा भिंतीला चिकटला, त्याला पाणी द्यायलाही थांबलो नाही. गल्लीच्या तोंडाशी ती भेटली. भर रहदारीत रिक्षावाल्यांना अडवून विचारत होती, म्हातारा मास्तर कुठे पडलाय बघितला का. राजेसाब आणि म्हाळसाबाई तिला धरून उभे. मी समोर गेलो. तिनं माझे दोन्ही दंड धरले, चेहरा चाचपला, सदऱ्यावर सगळीकडे पीठ झालं.

घरी आल्यावर राजेसाबनं तिला सगळं वाचून दाखवलं. माझी ‘आभारी आहे’, ‘आपणासही’ ही उत्तरंसुद्धा. (तो मराठी फार स्वच्छ वाचतो, एरवी मी त्याचं कौतुक केलं असतं.) ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, “मायाप्पा आला तवा तुमी आत हुता?” मी हो म्हटलं. “ऐकत हुता?” मी पुन्हा हो म्हटलं.

ती म्हणाली, “मेल्यावर लोक ग्वाड बोलत्यात, ते तुमाला लई आवडलं. पर तुमी जित्ते आसताना माजं कुक्कू पुसलंसा, त्याचं काय?”

मी बत्तीस वर्षं मुलांना उत्तरं द्यायला शिकवलं. सकाळी ती परात घेऊन एसटीत बसली.

त्यानंतर मी दुरुस्ती टाकली. पुरावा म्हणून त्या दिवसाचा पेपर छातीशी धरून फोटो काढला, खाली लिहिलं, ‘मी जिवंत आहे, क्षमस्व.’ काहींनी शिव्या दिल्या, त्या रास्त होत्या. बऱ्याच जणांना वाटलं की कुणी भामटा गुरुजींचं सोंग घेऊन एका विधवा बाईच्या धंद्यात घुसतोय, आणि त्यांनी मला पोलिसांची धमकी दिली. मायाप्पा तेवढा परत आला. शिव्या द्यायला आला असेल असं वाटलं, पण तो नुसता शेजारी बसला. मग म्हणाला, “गुरुजी, जित्तं हायसा हे बरं झालं की. पर आईला लई भ्या दाखवलंसा.” घोंगडं त्यानं परत नेलं नाही. म्हणाला, आईचं हाय, त्यांनाच द्या. ते मी अंगावर घेतलेलं नाही, घडी घालून ठेवलंय.

पान बंद केलं. तसबिरीवरचा हार काढला. तसबीरही काढली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय. वैनींना नमस्कार.

आपला,
सिद्धाराम

ता. क. शिवबाई चष्मा इथेच विसरली आहे. तो राजेसाबबरोबर पाठवतोय, हे पत्रही त्याच्याच हाती. त्याला जेवल्याशिवाय सोडू नका.

ता. क. २ : तिला परत पाठवा असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मी पोत्यांमागे उभा असताना घालवला. मला वळसंगला यायचंय. तुम्ही दारात उभं कराल का, एवढंच कळवा. तिनं बोलायची गरज नाही. मी पीठ चाळून देईन.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. राजेसाबनं आत्ता मोबाईलवर दाखवलं की शिवबाईनं तुमच्या ओट्यावर बसून स्वतःचं पान काढलंय (ऋतुजाताई वळसंगला येऊन शिकवून गेल्या म्हणे. अण्णा, हे तुम्ही मला कळवायला हवं होतं). तिचा समोरून फोटो, कपाळावर ठळक कुंकू, आणि खाली दोनच ओळी : ‘मी शिवबाई. भाकरी करते. मालक जित्ते हायेत. ज्याला भाकरी पायजे त्यानं फोन करावा.’ शैली अशी काही नाही, पण मागण्या येतायत. मी माझ्या फोनवर शोधलं तर पान दिसेना. राजेसाब म्हणाला, “गुरुजी, ब्लॉक किए तुमकू.”

खाली एका बाईंनी विचारलंय, ‘मालक जिवंत आहेत, मग असतात कुठे?’ शिवबाईनं उत्तर दिलंय, ‘घरी हायेत. वाट बघत्यात. चार दिस बघू द्या.’

अण्णा, तुम्ही रागावलेले आहात, बाकी काही कळवू नका. पण ‘चार दिस’ म्हणजे नेमके चार, की आपण बोलताना म्हणतो तसे चार, एवढं तिला विचारून राजेसाबजवळ सांगा. तो परत येईपर्यंत मी दारातच बसून आहे.