टाकीचे घाव

३ नोव्हेंबर
पोचले! खिडकीतून सगळं बंदर दिसतं. सामान टाकून आधी भिंत बघून आले. साठ फूट लांब, दोन पुरुष उंच, आणि एका टोकाला पाथरवटाची पत्र्याची शेड बांडगुळासारखी चिकटलेली. नगरपालिकेचा प्रश्न एकच: भिंत खरंच प्राचीन आहे का? असेल, तर शेड पाडून ती पर्यटकांसाठी मोकळी करायची. वीस वर्षं दगडांची वयं ठरवतेय मी. आठवडा पुष्कळ झाला!

४ नोव्हेंबर
टाकीचे घाव मोजले. तिरके, एकसारखे, इंचाला सात. जुन्या कारागिरांचीच पद्धत, डोळे मिटून सांगेन! एकच खटकत होतं: इतकी शतकं खाऱ्या वाऱ्यात उभी, आणि घाव कालच मारल्यासारखे. दुपारी कोडं सुटलं. समोरची गोदामं वारा अडवतात. स्वतःवर जाम खूश.

पाथरवट काका सत्तरीचे, भुवयांतसुद्धा दगडाची पूड. हातातलं काम न थांबवता विचारतात, "ताई, कुठं जोड ओळखू येतो का?"
"अजिबात नाही, काका. एकसंध काम!"
चक्क लाजले. म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही.

५ नोव्हेंबर
यांचा फोन. "दगडांची वयं बरोबर सांगतेस, स्वतःचं तेवढं चुकवतेस!" फोन ठेवला.

६ नोव्हेंबर
काकांच्या सुनेने शेडच्या दारात अडवलं. तीही टाकी चालवते, पंधरा वर्षं सासऱ्यांच्या हाताखाली. "आत येऊन चहा तरी घ्या. मागची बाजू बघा एकदा." टाळलं. त्यांचा चहा पोटात गेला की पेन चालायचं नाही. आठ माणसं त्या शेडवर जगतात, वाईट वाटतंच. पण भिंत सगळ्यांची. आणि शेडआड वेगळं काय असणार? तेच दगड, धूळ खात बसलेले.

जाता जाता म्हणाली, "बाबा स्वतः बोलायचे नाहीत. आमच्यात बोलत नाहीत." काय बोलत नाहीत? विचारायला थांबले नाही.

८ नोव्हेंबर
अहवाल दिला. "निर्विवाद प्राचीन." सही ठोकली. शेड बारा तारखेला पडणार.

११ नोव्हेंबर
निरोप घ्यायला म्हणून गेले, मन खात होतं. आज चहाला नाही म्हणवेना. कप घेऊन शेडच्या आत पाऊल टाकलं आणि चहा प्यायचा राहूनच गेला.

शेडने झाकलेलं भिंतीचं मागचं टोक! खाऱ्या हवेने दगड तळाशी इतके खाल्लेत की अख्खा पंजा आत जातो. घाव डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाच लागतात. मधला एक दगड हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला.

सून सासऱ्यांकडे पाठ करून हळूच म्हणाली, "नवा माणूस आला की वर्षभर इथे हात फिरवायचा, मग टाकी. चाळीस वर्षांपूर्वी बाहेरची भिंत लाटांनी नेली. बाबांनी आणि आजेसासऱ्यांनी ह्या भिंतीवरून बघून ती उभी केली."

मी काकांवर ओरडलेच. "मग सांगितलं का नाही?"
"डागडुजी कुणाची ते सांगितलं, तर ती डागडुजी कसली, ताई? तुम्हाला जोड ओळखता आला नाही. माझ्या बापाला एवढंच हवं होतं."
"अहो, पण शेड जाईल!"
"जाईल," म्हणाले, आणि परत ठकठक सुरू.

येताना गोदामाची पाटी वाचली. तीस वर्षांपूर्वी बांधलेलं! मग त्याआधीची शतकं वारा कोणी अडवला? रोज त्याच पाटीखालून जात होते मी. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

१२ नोव्हेंबर
नगरपालिका उघडायच्या आधीच दारात उभी. अहवाल मागे घेतला. लिहून दिलं: मी चुकले, प्राचीन भिंत शेडच्या आत आहे, तिला आणि तिच्यावर शिकणाऱ्या हातांना हलवू नये. यंत्र आलं तसं परत गेलं. साहेब स्वतः भिंतीपाशी आले, चिडलेले. "मग ही बाहेरची बांधली कोणी?"

काकांची टाकी थांबली.

"ओळखू येत नाही," मी म्हटलं.