रविवारी चर्चला गेलेली बावीस नंबरची फोर्ड

थर्मनदादा,

धाकट्या व्हर्डीचा नमस्कार. गुडघे काय म्हणतायत? वहिनीचा पीचचा मुरंबा पोचला. (पोचला तसा संपलाही.)

शनिवारी शार्लट शहरात माझा सत्कार आहे, आणि तू यायलाच हवंस. 'गाड्यांच्या शर्यतीतली आपल्याकडची पहिली अजिंक्य बाई' असं पत्रिकेत छापलंय. फोनवर तू म्हणालास, "माझी अब्रू घालवलीस, त्याच्या टाळ्या मीच वाजवू?" अरे, अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्याला!

झेल्मामावशी आजारी आहे असं सांगून मी तुझी कोरी फोर्ड नेली, कबूल. (मावशी ठणठणीत होती.) पण माझं काय चुकलं? बाबांच्या हातभट्टीचा माल पोलिसांना चुकवत डोंगरातून मी न्यायचे तेव्हा व्हर्डी गुणाची पोर. तशीच गाडी शर्यतीच्या मैदानात फिरवली तर घराण्याला बट्टा! शर्यतीतले बाकीचे लोक गाडीच्या दारावर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने नंबर काढायचे, घरी जाताना पुसून टाकायचे. मला मेलीला हे कुठं ठाऊक? मी कुंपणाचा तेलरंग फासला. तो निघतोय कसला! दुसऱ्या दिवशी रविवार. बावीस नंबर मिरवत आपण सगळे चर्चला. पाद्रीबाबांनी मुद्दाम बाविसावं स्तोत्र घेतलं, आणि अख्खं चर्च तुझ्याकडे माना वळवून गात होतं. तुला चर्चच्या पंचमंडळात घेणार होते, ते राहिलंच.

पण दादा, आदल्या दिवशी घरी आले तेव्हा दातांत तांबडी माती, हाताला फोड, आणि आईनं हळूच विचारलं, "जिंकलीस का गं?" पुढे तीनदा अजिंक्यपद मिळालं, पण तसं पुन्हा कुणी विचारलं नाही. फार आठवण येते रे तिची.

आणि तू. बाबांनी खडसावलं तेव्हा "शर्यतीत मीच पळवली" म्हणालास. माझं नाव घेतलं असतंस तर ती पहिली शर्यत शेवटचीच ठरली असती. हे तुला कधी बोलले नाही. चुकलंच माझं.

तुझी,
व्हर्डी

ता. क. निळा सूट घाल. तपकिरीत तू आजारी दिसतोस.

आणखी एक ता. क. आता खरं सांगते. नजर अधू झाली माझी; जूनमध्ये गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. संयोजक गाडी पाठवतायत, पण परक्याच्या शेजारी बसून मी जायची नाही. तू चालव. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. (फक्त वळणावर ब्रेक दाबू नकोस, दादा. मला रडू येईल.)