वड दिसतो, दगड दिसत नाही

तू पाठवलेल्या दिव्यात समोरच्या डोंगरावरचा वड पानापानासकट दिसतो, दिपेश, आणि सायकलच्या चाकाखालचा दगड दिसत नाही. मला वडावर जायचं नव्हतं. मी दगडावरून पडले. एवढा मोठा खोका, आत दिवा, दिव्यावर लिहिलेले एवढे मोठे आकडे, आणि उजेड कसा, तर भाल्यासारखा. लांब जातो, बारीक जातो, आणि जवळ काळोख. हा दिवा मी परत पाठवणार आहे, तू तो डोळ्यापुढे धरून एकदा नाल्यात उतरून बघ.

आता रीतीप्रमाणे. चि. दिपेश यास हिरीताईचा आशीर्वाद. मीनाची कंबर कशी आहे, तुझी रात्रपाळी सुटली का, ते कळव. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मी डाव्या गुडघ्यानं लंगडते आणि तुझे जैतूदाजी नऊ दिवस माझ्याशी बोलत नाहीत, बाकी बरं. पत्र लिहिते कारण फोनवर तू हो ताई, हो ताई करतोस आणि रेंज गेली म्हणून ठेवून देतोस. (रेंज सूर्यमाळची जाते. ठाण्याची जायला काय झालं?) कागद मधेच बंद पडत नाही, तो पुरा वाचावा लागतो. माझं शिक्षण चौथी, अक्षर असंच असणार. नाही लागलं तर मीनाकडून वाचून घे, तिला डोकं आहे.

तुला सगळं सांगून झालंय, पण तू विसरतोस म्हणून पहिल्यापासून लिहिते. आपल्या पाड्याच्या वरच्या अंगाला कमलेशचे तंबू आहेत, तिथं शहरातली माणसं येतात आणि जंगलातून सायकली चालवतात. आता उन्हाळ्यात दिवसा तापतं म्हणून रात्री चालवतात. (आपण रात्री बाहेर पडतो ते विहिरीवर नंबर लावायला. ही माणसं हौसेनं पडतात, आणि पडतात म्हणजे खरंच पडतात.) त्यांना वाट दाखवायला कमलेशला इथलीच माणसं पाहिजेत, कायमची. येत्या रविवारी रात्री तो सगळ्यांना नाल्यापर्यंत सायकल चालवायला लावणार आणि त्यातून निवडणार. सायकल त्याची, डोक्यावरची टोपी त्याची, दिवा मात्र ज्याचा त्यानं आणायचा. दिवा धड नसेल तर तो सायकलला हात लावू देणार नाही. आमची योगिता त्यात उतरते आहे. निवडली तर काम इथंच, घरापासून हाकेच्या अंतरावर. नाही निवडली तर पावसाळा झाला की परत भिवंडीच्या गोदामात खोके चिकटवायला. मागच्या वर्षी चार महिने तिथं राहून आली ती उंबऱ्यात बसली चप्पल काढायला आणि एक चप्पल हातात धरून तिथंच झोपली. तिला मी परत पाठवणार नाही. म्हणून दिवा.

आता चूक कोणाची ते बघू. आपल्याकडे बॅटरी कशी पारखतात हे तुला सांगायला नको, तू याच मातीतला. समोरच्या डोंगरावर मारायची, वडापर्यंत पोचली की बॅटरी चांगली. मग ओढ्यावर न्यायची, झोत पडल्याबरोबर खेकडा आहे तिथं गप्प बसला की फारच चांगली. आपल्या बानंही तशीच घेतली, सगळा पाडा तशीच घेतो. म्हणून मी तुला फोनवर सांगितलं की लांब पोचणारा दिवा आण. तू आणलास. आता तू म्हणशील, ताई, तूच सांगितलंस. मी सांगितलं म्हणून आणायचा का? खेकडा दिव्याकडे बघून बसून राहतो, सायकल बसून राहत नाही, ती पुढे जाते, हे तुला कळू नये? एवढ्या मोठ्या सायकलच्या दुकानाच्या दारात वॉचमन म्हणून उभा असतोस. आत जाऊन एका माणसाला विचारायचं होतं.

बिनपारखलेल्या वस्तूवर मी पोरीला बसवत नाही. म्हणून कमलेशनं सरावाला दिलेली सायकल आणि टोपी घेऊन आधी मीच बसले. (सायकल मला येते. तुझ्याच सायकलवर शिकले, तू झोपलास की. आता सांगायला हरकत नाही.) पहिल्या दिवशी लुगडं वर खोचून रस्त्यानं गेले, तर वळणावर बाळ्याची जीप थांबलेली, पार गटाराच्या कडेला, आत अकरा माणसं. त्याला वाटलं समोरून ट्रक येतोय. मी बाजूनं गेले तेव्हा त्यानं काच खाली केली, माझ्याकडे बघितलं आणि परत वर केली. पुढचे दोन दिवस तो मला हिरीताईऐवजी ट्रकवाली म्हणाला, आणि त्याच्या जीपमधले अकरा लोकही. दुसऱ्या दिवशी मी दिवा हँडलवरून काढून टोपीवर लावला. तर जंगलातले सगळे किडे माझ्या तोंडाशी आले, दोन गिळले. आणि मागून येणाऱ्या योगिताशी बोलायला मान वळवली की दिवाही वळतो आणि पुढची वाट नाहीशी होते. (ती म्हणते, आई, तू बोलू नको. मी न बोलता सायकल चालवू शकत नाही, हे तिला माहीत आहे.)

पण खरं झालं ते तिसऱ्या दिवशी, आणि ते तुझ्या कानावर वेगळंच आलं असेल, म्हणून खरं लिहिते. त्या रात्री खालच्या गावात बोहाडा होता, रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचायची. मला माहीत होता, तुझ्या दाजींचं रावणाचं सोंग होतं, त्या सोंगाचा मान त्यांच्या घराण्याचा, वर्षातून एकदा मुखवटा डोक्यावर चढतो. मी म्हटलं, सोंग यायला वेळ आहे, तोवर एकदा उतार बघून घेऊ आणि वेळेवर पोचू. उतारावर मला वड दिसत होता. वडामागचा डोंगर दिसत होता. वाटेतला दगड दिसला नाही, त्यावरून सायकल उडाली, मी पडले, गुडघा फुटला, पण सायकल सोडली नाही, आणि परत बसून तशीच ब्रेक दाबत दाबत थेट गावाच्या मधोमध जाऊन थांबले. तिथं टेंभ्यांच्या उजेडात तुझे दाजी रावण होऊन नाचत होते.

मुखवट्याला डोळ्यांची भोकं केवढी असतात तुला माहीत आहे, हरभऱ्याएवढी. त्यातून तुझा दोन हजारांचा का कितीचा तो झोत आत गेला. रावण जागच्या जागी गप्प उभा राहिला, अगदी खेकड्यासारखा. (दिवा त्या कामाला चांगला आहे, हे मी मान्य करते.) मग तो दोन पावलं मागे गेला आणि येसूच्या भजीच्या पाटावर बसला. पाटावर भजी होती. हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण माझ्या डोक्यावर ती फुगीर टोपी, टोपीत झगझगीत दिवा, दिव्यामागे तोंड दिसत नाही, खाली लुगडं आणि चाकं. वाजवणाऱ्यांना वाटलं पुढचं सोंग लवकर आलं. रीत तुला ठाऊक आहे, सोंग आलं की वाजंत्री आणि टेंभे त्याच्या पुढे होतात. ते सगळे रावणाला सोडून माझ्याकडे वळले आणि जोरात वाजवायला लागले. रामी म्हातारीनं पुढच्या चाकाला कुंकू लावलं आणि नारळ वाढवला. कोणीतरी विचारत होतं, हा कोणता देव, यंदा नवीन आणलाय का. मी काय करणार होते? मागं फिरायला जागा नव्हती. मंडळी पुढे चालली, मी मधे, गुडघ्यातून रक्त, सायकलवर बसून हळूहळू पार देवळापर्यंत गेले. तिथं दिवा संपला. (पुरा पेटवला की पाऊण तास चालतो, हेही लिहून ठेव.) उजेड गेला तेव्हा लोकांनी मला ओळखलं. नारळ मात्र परत मागितला नाही.

दाजी म्हणतात, मी वर्षभर वाट बघतो आणि माझ्याच बायकोनं माझी वाजंत्री पळवली. हे ते मला म्हणत नाहीत, भिंतीला म्हणतात. नऊ दिवस झाले, भाकर मागायची तरी योगिताला मधे घालतात.

तर आता कसा दिवा पाहिजे ते नीट वाच, आणि दुकानात हेच वाचून दाखव. उजेड ताटासारखा रुंद पाहिजे, वाट आणि वाटेच्या दोन्ही कडा एकदम दिसल्या पाहिजेत. वर जास्त जाऊ नये, समोरच्याच्या डोळ्यात तर नाहीच. तीन तास तरी टिकला पाहिजे, इकडे वीज आपल्या मर्जीनं येते. हँडलला धरणारा पट्टा घट्ट पाहिजे, दगडावर आपटून मान खाली घालणारा नको. मागं लावायला लाल दिवा. आकडा मोठा आहे म्हणून घेऊ नकोस, मला आता आकड्यांची भीती वाटत नाही.

मीनावहिनीला नमस्कार, म्हणजे आशीर्वाद, ती लहान आहे.

तुझी,
हिरीताई

ता. क. नाचणीचं पीठ बाळ्याबरोबर पाठवलं आहे. ते मीनाला दे. तुला अजून कशाबद्दल द्यायचं?

ता. क. दोन. दिवे दोन आण. एक योगिताचा. कमलेशला रात्रीच्या वाटेवर दोन माणसं लागतात, एक पुढे, एक सगळ्यांच्या मागे, पडलेल्यांना उचलायला. मागच्या माणसासाठी मी माझं नाव दिलं आहे. गेले बारा दिवस रोज चालवते, पारखायचं तर तीनच दिवसांत झालं होतं. कमलेश म्हणाला, मावशी, पडल्यावर सायकल न सोडणारं माणूसच मला मागे पाहिजे. योगिताला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. माझा दिवा तिच्यापेक्षा थोडा मोठा चालेल.

ता. क. तीन. आधीचा दिवा परत पाठवत नाही. काल दाजींनी भिंतीला विचारलं की पुढच्या वर्षी हा रावणाच्या मुकुटात बसेल का. भिंत म्हणाली, बसेल.

शुक्रवारी संध्याकाळी बाळ्याची जीप कसाऱ्याहून निघते. तिच्यात दोन दिवे पाहिजेत, नाहीतर तू पाहिजेस. त्याच्या आत कळव काय येतंय, मी त्या हिशेबानं तांदूळ टाकते.