टपावरचा फ्रिज आणि पुढची सीट

शनिवार, २७ जून १९८७. सकाळ.

आज आलेलं सामान: टपावरचा कॅरिअर, जुन्या बाजारातला, १२० फ्रँक (सांगितले होते २००). निळी ताडपत्री ८५. हूकवाल्या रबरी दोऱ्या सहा, ४२. सासूबाईंसाठी वापरलेला फ्रिज ३००. (मी नको म्हटलं होतं. नोंद असावी.) आईच्या डोळ्यांचे थेंब, चार बाटल्या, १२४. एकूण ६७१. अल्ला बरकत देवो.

पंचवीस जुलैला निघायचं. रूबेहून पूर्ण फ्रान्स, पूर्ण स्पेन, मग बोट, मग आपला देश. बकरी ईद मोरोक्कोत. चार वर्षांनी.

ह्यांना गाडी चालवता येते, भरता येत नाही. मागच्या खेपेला स्टेपनी सगळ्यांत खाली ठेवली आणि बोर्दोपाशी पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला आमचा सगळा संसार मांडावा लागला, गाद्यांसकट. म्हणून यंदा प्लॅन माझा. या इमारतीत मॅट्रिक झालेली मी एकटीच, त्याचा काही उपयोग व्हायला हवा. पाच सीटा, पाच माणसं: पुढे हे आणि मी, मागे हनान, मुनीर आणि सफा.

निश्चय पहिला: यंदा कोणाचंही पार्सल घ्यायचं नाही.
निश्चय दुसरा: सासूबाईंकडे दोन दिवस. मग सरळ आईकडे.

आईचं पत्र आलंय, शाळेच्या मास्तरांच्या हातचं. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. डाव्यानं अजून माणूस ओळखू येतं, पण डॉक्टर म्हणतात हिवाळ्यापर्यंत तोही जाईल. ‘तोवर ये, तुझा चेहरा नीट बघून ठेवते,’ असं लिहिलंय. सफाला तर तिनं पाहिलेलंच नाही.

सोमवार, २९ जून.

ह्यांची रजा अडकली. कारखाना बंद तीन आठवडे, आम्हाला हवेत पाच. सही करायची मुकादम तैबीनं, आणि तो म्हणे बघतो, बघतो. मी म्हटलं, रिकाम्या हातानं जाल तर बघतोच म्हणेल. बदामाच्या करंज्या केल्या, साठ. त्यातल्या चाळीस पाठवल्या. वीस घरात.

मंगळवार, ३० जून.

सही झाली! पाच आठवडे पूर्ण. हे सांगताना खाली मान घालून बसले होते. माझ्यामुळे काम झालं हे कबूल करायला पुरुषांना जड जातं. चाळीस करंज्यांत पाच आठवडे. स्वस्त.

रविवार, ५ जुलै.

तळमजल्यावरची बाई आली. बहिणीसाठी शिलाई मशीन. निश्चय सांगणार होते, पण ती म्हणाली, ‘अल्लाच्या भरवशावर देतेय, तुमच्या गाडीतली अमानत कधी हरवली नाही.’ अमानत म्हटल्यावर कसं नाही म्हणणार? उद्या वर जाऊन जाब द्यायचाय. मशीन २२ किलो.

हे अपवादात्मक.

बुधवार, ८ जुलै.

अपवाद: मुलाची सायकल. अकरा घोंगड्या. दोन टायर (गाडीला नव्हे, कुणाच्या तरी मेव्हण्याला). चिनीमातीचं वॉश बेसिन, नळासकट. मशिदीत बायकांसमोर सांगूनच टाकलं, आमच्या दारातून कोणाची अमानत परत जात नाही. सगळ्यांनी दुवा दिली. हनान म्हणते, ‘यम्मा, आपण घरी चाललोय की दुकान टाकायला?’ पंधराव्या वर्षी जीभ अशी.

शेजारच्या महजूबानं मात्र काहीच दिलं नाही. मी होऊन विचारलं, तर म्हणाली, राहू दे. वर विचारते, ऑगस्टमध्ये मशिदीत स्वयंपाकाची पाळी घेशील का. मी हसले. बाईचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

रविवार, १२ जुलै.

आज घरी पाहुणे. मुकादमाची आई, हाजा रकिया. स्वतः मुकादम तिला हाताला धरून घेऊन आला. खास आमची गाडी बघायला! एवढा मान या इमारतीत कोणाला मिळाला नसेल. म्हातारीचे गुडघे दुखतात, तरी गाडीपर्यंत चालत आली. पुढच्या सीटवर बसली, पाय लांब करून बघितले, काच खाली-वर करून बघितली. ‘पाठीला जरा टोचतंय,’ म्हणाली. मी धावत जाऊन माझी उशी आणून दिली. मग तिनं प्रवासासाठी दुवा मागितली, इतकी लांब की चहा निवला.

हजला जाऊन आलेल्या माणसाची दुवा गाडीला लाभली. हे सगळा वेळ चाकात हवा भरत होते. भरलेल्याच चाकात.

गुरुवार, १६ जुलै.

वजनाचा दिवस. न्हाणीघरातला काटा अंगणात नेला. फ्रिज ४८. अमानती सगळ्या मिळून १६३. आमचं स्वतःचं सामान ७०. हे ८१, हनान ५२, मुनीर ३८, सफा १५. मी ७४ (चपला धरून).

पोर्तुगीज गॅरेजवाल्यानं मागचे स्प्रिंग बघून विचारलं, ‘बाई, बोटीत बसून जाणार आहात की हिचीच बोट करणार आहात?’ नवे स्प्रिंग ४१०. घासाघीस केली, ३९०. तरी म्हणतो, शंभर किलो कमी करा. मी आमच्या सामानातून तीस काढले. बाकीचं अल्लावर.

हे म्हणाले, ‘तिकडचं ऊन तुला सोसत नाही, नाही का गं?’ सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, सोसतं हो. ह्यांचा चेहरा पडला. माझी इतकी काळजी करतात हे ठाऊक नव्हतं.

बुधवार, २२ जुलै.

डिकी भरली. प्लॅन सत्तर टक्के यशस्वी. बेसिनच्या आत घोंगड्या, घोंगड्यांच्या आत चहाचे ग्लास. ही कल्पना माझी. स्टेपनी हाताशी.

माझी बॅग तेवढी अजून घरात. दोनदा खाली नेऊन ठेवली, दोनदा हे वर घेऊन आले. म्हणतात, तुझी शेवटी ठेवू. बरोबर आहे, घरच्या बाईचं सामान वरच्या वर हवं.

हनान जेवली नाही. विचारलं तर उठून गेली. वय.

शुक्रवार, २४ जुलै. दुपारच्या नमाजनंतर.

हे टपावर उभे राहून दोर आवळत होते. मी खालून विचारलं, उद्या पहाटे किती वाजता उठवू? हे फ्रिजकडे तोंड करून म्हणाले, ‘ऐक जरा, तू नाही येत.’

मला वाटलं, फ्रिजला म्हणतायत.

मग खाली उतरले. सहीच्या दिवशीचीच गोष्ट. म्हातारीला ईदसाठी गावी जायचंय, विमानाची भीती वाटते. मुकादम म्हणाला, तुझ्या गाडीत एक सीट दे, पाच आठवडे घे. ‘तोंडावर नाही कसं म्हणणार?’ मी म्हटलं, आणि माझ्या तोंडावर? हे दोराचं टोक गुंडाळू लागले. करंज्या मुकादमाच्या घरी पोचल्या तरी होत्या का, असं विचारलं. पोचल्या, म्हणाले. त्याला आवडल्या.

सगळे उपाय सांगितले. फ्रिज उतरवा. (म्हणे, माझ्या आईला शब्द दिलाय.) सफाला मांडीवर घेते, मागे दाटीवाटीनं बसते. (सहा माणसं, पोलीस धरतात.) अमानती उतरवते, घोंगड्यांवर बसते. तेव्हा म्हणाले, ‘अमानत परत करत नाही असं तूच भर मशिदीत सांगितलंस. म्हातारी म्हणजे अमानतच की.’ शिवाय बोटीच्या तिकिटावर तिचं नाव जाऊन तीन आठवडे झाले. बस ईदपर्यंत भरलेली. विमानाला आता पैसे नाहीत, स्प्रिंगमध्ये गेले.

हनानला माहीत होतं. मुनीरलाही. महजूबालाही, तिला पाळीसकट माहीत होतं. इमारतीत मॅट्रिक झालेल्या बाईलाच तेवढं माहीत नव्हतं.

ह्यांनी शपथ घेतली, मुलांना माझ्या आईकडे नक्की नेतो. दोन तासांचा तर रस्ता. मागच्या खेपेलाही दोन तासांचाच होता, आणि तीन आठवडे निघणं झालं नव्हतं. मी स्वतः बस पकडून गेले होते.

शनिवार, २५ जुलै. पहाटेच्या नमाजनंतर.

गेले.

दोर मीच तपासले, ह्यांची गाठ ढिली असते. थेंबांच्या बाटल्या हनानच्या पिशवीत दिल्या. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, रडायला तीन आठवडे होते ना तुला? मग वाईट वाटलं. मुनीरनं विचारलं, माझी खिडकीची जागा त्याला मिळेल का. नाही म्हटलं, ती हाजाची. सफाला वाटलं, मी मागच्या गाडीतून येतेय. मी हो म्हटलं.

म्हातारी माझा हात दाबून म्हणाली, ‘तुझं मन किती मोठं! माझ्या सुनेनं पाणी विचारलं नसतं.’ मी म्हटलं, अल्ला सुखरूप नेवो.

गाडी मागून फार खाली बसली होती. पण पडलं काही नाही. भरणी चांगली होती.

बॅग गुरुवारी तिसऱ्यांदा खाली नेली होती, ती मीच वर आणली. तीन मजले. महजूबा दारात उभी होती, म्हणाली, ‘एकटीसाठी चूल कशाला, माझ्याकडे जेव.’ दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तिच्याकडून बशीत काही आलं. बशी धुऊन परत केली. खाल्लं, पण बोलले नाही.

मंगळवार, २८ जुलै.

निश्चय: आजपासून कोणाला काही सांगायचं नाही, कोणाचं काही ऐकायचं नाही.

आईला पत्र. पहिल्या खर्ड्यात सगळं खरं लिहिलं होतं. पण पत्र मास्तर वाचून दाखवणार, तेव्हा तीन घरांत कळणार. फाडला. मागची बाजू कोरी होती, ते लक्षात आलं नाही. कागद वाया. दुसरा खर्डा असा:

‘प्रिय आईस सलाम. तू बरी असशील अशी अल्लाकडे दुवा. मला यंदा येणं जमलं नाही. इथं मशिदीत स्वयंपाकाची पाळी लागली आणि घराचीही बरीच कामं निघाली, म्हणून मीच थांबायचं ठरवलं. ह्यांनी खूप आग्रह केला. गाडी मी स्वतः भरून दिली, त्यामुळे काळजी नाही. मुलं ईदनंतर तुझ्याकडे येतील. हनानकडे थेंब आहेत, दिवसातून तीनदा, डाव्या डोळ्यात आधी. सफा आली की तिला दारातल्या उजेडात बसव आणि नीट बघ. ती माझ्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात, तेव्हा दोघींना बघणं एकदमच होईल. पुढच्या वर्षी मी बसनं येईन, कोणाच्या गाडीनं नाही. तोवर डाव्या डोळ्यानं फार काही बघत बसू नकोस, जपून वापर. हे पत्र मिळताच मास्तरांना बसवून घे आणि मुलं आली की नाही ते परतीच्या टपालानं मला कळव. नसतील आली, तरी तसंच कळव. ह्यांना सांभाळून घेऊन काही लिहू नकोस.’