पिकअपचा दिमाग

१४ सप्टेंबर, रविवार

आजपासून राग बंद. लिहून ठेवतो, म्हणजे पक्कं.

संगीता मारेगावले माहेरी निघून गेली. कारण काय, तं कुकर. साऱ्या तांड्यात बोंब झाली का लालसिंगनं बायकोवर कुकर फेकला. साफ खोटं. कुकर मी भिंतीवर फेकला. ती भिंतीपाशी उभी होती, त्याले मी काय करू? झाकण तिच्या कानाजवळून गेलं. लागलं कुठं? आजपर्यंत मी तिले बोट नाही लावलं. वस्तूइले लावलं असंन. वस्तू काही बायकोत मोजत नाही.

जाताना अट टाकून गेली. दसऱ्यापर्यंत माणूस, जनावर, वस्तू, कशावरच हात उचलायचा नाही. नाही उचलला, तं दसऱ्याले पिकअप घेऊन न्यायले ये. उचलला, तं पुन्हा तोंड दाखवू नको. आन् पहारा कोनाचा? माह्या सख्ख्या बापाचा! बा रोज संध्याकाळी सुनेले फोन लावून रिपोर्ट देणार. बा ले ऐकू कमी येते, पण दिसते सारं.

घर खायले उठते तिच्याबिना. हे तिले सांगणार नाही.

१५ सप्टेंबर

पुसदच्या बाजारात भर रस्त्यात पिकअप बंद. मांगं भाजीचे कॅरेट, त्याच्या मांगं सारा हॉर्नचा गोंधळ. चावी फिरवली, चेक इंजिनचा लाइट डोळे वटारून पाहे. उतरलो. बोनेटवर एक थापड दिली. गाडी चालू!

हे मारण्यात येत नाही. डाक्टर छातीवर दोन बोटं ठोकून पायते, तसं हे.

१७ सप्टेंबर

दोनदा बंद पडली. थापडीनं नाही ऐकलं. लात दिली, चालू झाली. अंगठ्याचं नख गेलं.

तपासणी पायानं केली, तरी तपासणीच. अट हाताची होती.

संध्याकाळी बा ले समजावलं का आपण गोर बंजारा लोकं, लदेणी, म्हणजे मालाची ने-आण, आपल्या रक्तात हाय. आपले म्हातारे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले, त्यायले काय कॉम्प्युटर होता? पाठीत एक हाणली का जनावर चाललंच पायजे. बा म्हणे, तुह्या आजानं बैलाले कधी छडी नाही लावली, बैल थकला का तो ओझं उतरवे. जुन्या लोकाइले बिझनेस कळतच नव्हता.

१९ सप्टेंबर

लात बंद, पाना चालू. म्हणजे मोठ्या पान्यानं, बोनेटच्या उजव्या कोपऱ्यात, बॅटरीच्या वर. तिथं ठोकलं का हमखास स्टार्ट. मी जागाच शोधून काढली! बाकीचे ड्रायव्हर येड्यासारखे सारीकडं ठोकत बसते.

बोनेटले खड्डा पडला. बा नं इचारलं, हे काय? म्हटलं, वांदरं. बा नं वर पाहिलं. आमच्या अंगणात झाड नाही.

२० सप्टेंबर

पाना चालेना. घण घेतला. घणानंही चालेना. शेवटी दुसऱ्या गाडीले टोचन लावून, ओढत बबलू मिस्त्रीकडं नेली. बबलू चांगला पोरगा हाय, पण माह्याशी बोलताना हातात टॉमी, म्हणजे लोखंडी सळाक, धरून ठेवते. काहून, कोन जाणे.

त्यानं स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणे, ईसीएम जवाब देत नाही. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बॅटरीपाशी चपटा डब्बा असते, तो. डिझेल कवा सोडाचं, किती सोडाचं, हे सारं त्याच्या हाती. बबलू म्हणे, गाडीचा दिमाग समजा. मंग तो खाली वाकून वायरा पाहाले लागला. अर्धा घंटा वायराच पायते! मी कॉलर धरून सरळ उभा केला. विनंतीच केली. म्हटलं, एवढी मोठी गाडी, तिले एखाद्या वायरीनं काय होते? दिमाग गेला तं दिमाग सांग. बबलूचा चेहरा लाल झालता. म्हणे, हाव भाऊ, दिमागच गेला, सोडा.

असं ठणकावून इचारलं का माणूस खरं बोलते.

२१ सप्टेंबर

गजब झालं! सकाळी बबलूचा फोन आला. मी आंघोळीले बसलो होतो, म्हणून बा नं उचलला. बबलू बोल्ला का लालसिंगभाऊचा दिमाग पुरा खराब झाला, बदलून टाकाव लागते, मीच करून देतो. बा नं तेवढंच ऐकलं. गाडीचं नावच नाही ऐकलं त्यानं! लगेच संगीताले फोन. म्हणे, लालसिंग स्वतःच्या पायानं डाक्टरकडं गेला, डाक्टर बबलू म्हणून हाय, दिमागाचा इलाज चालू हाय.

म्हातारा रडत होता फोनवर. खुशीनं.

मी काहीच बोल्लो नाही. खोटं बोलणं माह्या स्वभावातच नाही.

२२ सप्टेंबर

संगीताचा फोन! किती दिवसानं आवाज ऐकला. नरम बोल्ली. इचारे, झोप लागते काय, डाक्टर काय म्हणते. म्हटलं, म्हणते जुना ठोकून ठोकून गेला, नवीन टाकू. ती म्हणे, दसऱ्याले ये, मी तयारी करून ठेवीन.

फोन ठेवल्यावर मी अंगणात नाचलो. एका बकरीले लात लागली, चुकून.

२४ सप्टेंबर

यवतमाळच्या कबाड्याकडून सेकंडहँड ईसीएम आणला. कबाडी म्हणे, गॅरंटी नाही. मी त्याचं काउंटर थोडं उलटं केलं. मंग गॅरंटी भेटली. परत येताना एसटीत एक बुवा डब्ब्यावर बसाले गेला. मी त्याले हात नाही लावला. ढोपर लावलं. दारव्ह्याले दोघंही उतरलो, थोडं बोलणं झालं, आन् बस निघून गेली. त्याचा एक दात आन् माह्यी एक चप्पल बसमधीच गेली असंन.

रागावर कंट्रोल येऊन राह्यला. आधी दोन दात गेले असते.

२६ सप्टेंबर

नवीन डब्बा बसवला. गाडी ढिम्म! बबलू म्हणे, नवीन डब्बा तुमची चावी ओळखत नाही, जुन्यातली सारी आठवण नव्यात टाकाव लागते. माह्यी गाडी, माह्यी चावी, आन् हा कबाडातला डब्बा मले ओळखत नाही? एका बुक्कीत साइड मिरर खाली. बबलू टॉमी घेऊन शटरमांगं गेला आन् तिथूनच बोल्ला का उद्या लॅपटॉप आणतो, तुम्ही घरी राहा.

२७ सप्टेंबर

घरी नाही राह्यलो. बबलूनं जुन्याची आठवण नव्यात भरली. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात स्टार्ट! काय आवाज! मी बबलूले मिठी मारली. तो ओरडला. बरगडी कच्ची हाय पोराची.

बबलू म्हणे, जुना डब्बा जपून ठेवा, कवा कामी येईन.

२८ सप्टेंबर

जुना डब्बा दगडावर ठेवला. सारा तांडा जमा केला. किती दिवस या भाडखाऊनं मले रस्त्यात उभं केलं, किती जणाइनं दात काढले! घण उचलला. पहिल्याच घावात झाकण. मंग हिरवी पट्टी. मंग बारके बारके काळे किडे असते आत, ते एक एक करून. घामानं आंघोळ झाली. शेवटी भुगा राह्यला, तो कोंबड्याइनंही नाही खाल्ला.

लय हलकं वाटलं. आता माह्यात राग शिल्लकच नाही. पुरा निघून गेला.

बा कट्ट्यावर बसून पाहत होता. आज त्यानं संगीताले फोन नाही लावला. म्हणे, नेटवर्क नाही. चांगला हाय बिचारा.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

गाडी धुतली. झेंडूचा हार. बोनेट उघडलं आन् नवीन डब्ब्याचंही झाकण काढलं, कारण कुंकू आतल्या दिमागाले लागलं पायजे. वरून वरून पूजा करणारे लोकं वेगळे.

नवा शर्ट घातला. पूजा झाली का निघालोच मारेगावले. संगीता मधात बसंन, बा खिडकीपाशी.

दुपार

नारळ चाकापुढं दगडावर आपटला. नाही फुटला. पुन्हा आपटला, सटकला, नालीत गेला. पोट्टे हसले. बायकाही हसल्या. नालीतून काढला. धुतला. माह्या कानात सूं सूं आवाज. दसऱ्याच्या दिवशी एक नारळ माह्यं ऐकत नाही?

बॅटरीजवळच्या लोखंडी पट्टीवर साऱ्या ताकदीनं हाणला.

फुटला. सारं पाणी सरळ उघड्या डब्ब्यात. चुर्रर्र झालं, थोडा धूर, आन् खोबऱ्याचा जळका वास.

मी समोरच्या काचेले बुक्की मारली. काच जिंकली. उजव्या हाताले पट्टी.

बबलू आला. दुरूनच पाहे. आज मले एकाच हाताचा पाहून जवळ आला, खाली वाकला. इंजिनच्या अर्थिंगचा बोल्ट बोटानं फिरवून दाखवला. पुरा ढिल्ला. म्हणे, भाऊ, ठोकलं का, नाही तं डब्बा बदलताना वायर हालली का, तो तेवढ्यापुरता टेकत असंन, म्हणून गाडी चालू होत होती. जुना डब्बा चांगलाच असंन, आणा, लावून पाहू. म्हटलं, पहिल्याच दिवशी काहून नाही पाहिलं बे? म्हणे, तेच पाहाले वाकलो होतो, तुम्ही कॉलर धरून उभं केलं.

कोंबड्या अंगणात भुगा उकरत होत्या. मी बबलूले घरात चहा प्याले पाठवलं.

काही हरकत नाही. गाडी नसली तं एसटी हाय. अट हात उचलण्याची होती, गाडीची नव्हती.

३ ऑक्टोबर

आज गेलतो मारेगावले. काल उशीर झाल्यामुळं एसटी भेटली नाही.

भरलेली पिशवी दारातच ठेवलेली होती तिची. मी पायली.

सासू भुरीबाईनं खाटेवर बसवलं. संगीतानं चहा आणला, हाताची पट्टी पाहून इचारलं, पडला काय? आन् म्हणे, औषध सुरू हाय ना? म्हटलं, इलाज पुरा झाला. पिकअप कुठं हाय, इचारलं. मंग मी नारळाची गंमत सांगाले लागलो. लपवायचं काय त्यात? नाली सांगितली, पोट्टे सांगितले. सासू हसली. संगीता तं पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यात पाणी येईपर्यंत. लग्नाच्या नवलाईत हसे, तशी. मले काय वाटलं, ते लिहिता येत नाही. मी खुशीनं उठून उभा झालो. शेवटच्या वेळी नारळ कसा धरला, हे दाखवाले चांगला हात उचलला.

संगीता खाली बसली. झपकन. दोन्ही हात डोक्यावर, डोळे मिटलेले. कप फुटला. मी तसाच उभा, हात वर.

मंग ती उठली, साडी झटकली, दारातली पिशवी उचलून आत घेऊन गेली. सासू बाहेर येऊन म्हणे, शेवटची गाडी निघंन, बापू, निघा.

मी तं फक्त नारळ दाखवून राह्यलो होतो.