बुडबुडे आले की चार्जर बंद कर

दादा,

पडवीत जीपची बॅटरी चार्जरला लावलीय. पार उतरलीय म्हणून करंट अगदी कमी ठेवलाय, तो वाढवू नकोस. झाकणं उघडीच राहू दे आणि जवळ बिडी ओढू नकोस. हा चार्जर आपोआप बंद होत नाही. दुपारनंतर बघत राहा. बॅटरी भरून तिन्ही खणांत सारखे बुडबुडे यायला लागले की आधी बटण बंद कर, मग चिमटे काढ.

बरकतभाईंनी विकलेली ही बॅटरी खराब नव्हती. तू सासुरवाडीला होतास तेव्हा चऱ्होलीच्या चावडीवरच्या रेडिओची बॅटरी संपली. मी मोठेपणा मिरवायला आपली लावली आणि तीन दिवस गावाला गाणी ऐकवली. कुरुळीचं वऱ्हाड न्यायच्या वेळी जीप चालू होईना, तेव्हा हात सोलून निघेपर्यंत हँडल मारलं, पण तोंड उघडलं नाही. तू बरकतभाईंच्या दुकानात बॅटरी आपटून त्यांना चारचौघांत लबाड म्हणालास, तेव्हाही मी तुझ्या मागं गप्प उभा होतो.

चार्जर त्यांचाच आहे. काल मागायला गेलो, तर माझे हात बघून म्हणाले, "खराब बॅटरीचा एखादा खण मरतो. हिचे तिन्ही सारखे उतरलेत, ते मी तेव्हाच ओळखलं. पण भावासमोर भावाला उघडं कसं पाडायचं?"

तुझं ते बोलणं ज्यांनी ऐकलं, ती माणसं सकाळी त्यांच्या दुकानापाशीच चहाला जमतात. त्यांच्यासमोर सगळं सांगायला चाललोय. संध्याकाळी चार्जर परत द्यायला तू ये. माझी बाजू मात्र घेऊ नकोस.

दत्तोबा