खाकी स्वेटर आणि ती

बाबा,

कपाट उपसत बसू नका. तुमचा पोस्टमनचा खाकी स्वेटर मीच गेल्या आठवड्यात जुन्या चादरींबरोबर कुत्र्यांच्या शेल्टरला देऊन टाकला. चुकलंच माझं. काल परत मागायला गेले, तर एक म्हातारी कुत्री त्यावर ठाण मांडून बसलेली! दत्तक घ्यायला कुणी आलं की ती भिंतीकडे तोंड फिरवते म्हणे. माझा हात मात्र तिने हुंगला आणि शेपटीने नुसता धुरळा उडवला. आपल्याच घरचा वास ना!

आता स्वेटरसकट तिला आणायला चाललेय. चहा थर्मासमध्ये आहे. कुत्र्यांना हाकलायची तुमची ती काठी आत ठेवा आणि चपला बाहेर काढा, किती महिन्यांनी फिरायला जायचंय तुम्हाला! टपाल वाटताना जन्मभर कुत्री तुमच्या मागे लागली. तुमची वाट बघणारी ही पहिलीच.

— धाकटी